सरकारी मका खाल्लेला गोऱ्हा

माझ्या नवऱ्याला, हार्मला, आयुष्यात कुणी कशाची किल्ली दिली नव्हती. आमच्या घराला कुलूप नाही, गाडीची किल्ली गाडीतच लटकत असते, आणि चर्चची किल्ली पास्टर स्वतःच्या खिशात ठेवतो. त्यामुळे बियाणं कंपनीच्या माणसाने हार्मच्या तळहातावर पितळी कुलूप आणि किल्ली ठेवली, तेव्हाच मी ओळखलं की हा माणूस आता हातचा गेला.

झालं होतं असं. कंपनीने मक्याची एक नवी जात काढली होती. बियाण्यातच असं काही घातलं होतं की खोडकिड्याने एक घास घेतला की तो तिथेच आडवा. पण वॉशिंग्टनच्या शेतीखात्याने ती जात अजून मोकळी सोडली नव्हती. आधी कुंपणाच्या आत लावा, आजूबाजूला दुसरा मका नको, एक कणीस बाहेर जाता कामा नये, माणसाने खायचं नाही, जनावराने खायचं नाही, आणि हंगाम संपला की सगळं खड्ड्यात पुरून टाका. एवढं सांभाळायला कंपनीला असा शेतकरी हवा होता, ज्याचा एक तुकडा सोयाबीनच्या मधोमध आहे आणि ज्याला दुसरा उद्योग नाही. हार्मच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून आमची बाकीची जमीन माझा धाकटा भाऊ डेल्मर कसत होता. म्हणजे दोन्ही अटींत हार्म पहिल्या नंबराने पास.

कुंपण लागलं, पाटी लागली, आणि हार्म सहकारी गोदामातल्या कॉफीच्या टेबलावर बोलायला लागला. आमच्यात पुरुष बोलत नाहीत. हवामानावर एक वाक्य बोलले की दमतात. पण हार्म आता "वॉशिंग्टनचं म्हणणं असं आहे" अशी सुरुवात करायचा. गावाने त्या तुकड्याला ‘सरकारी मका’ नाव ठेवलं, तेही त्याला मानाचंच वाटलं. एकदा वाऱ्याने पास्टरची टोपी उडाली आणि कुंपणात जाऊन पडली. पास्टर बिचारा तारेपाशी उभा राहून हात पुढे करत होता.

"आत गेलेली वस्तू बाहेर येत नाही," हार्म म्हणाला.

"अरे, माझी टोपी आहे ती!"

"होती."

हंगामाच्या शेवटी कणसांबरोबर टोपीही खड्ड्यात गेली. पास्टरने तिच्यासाठी दोन शब्द म्हटले नाहीत, एवढंच काय ते राहिलं.

या सगळ्याची सर्वांत जास्त चीड होती डेल्मरला. डेल्मरचं मत असं की सरकारने रस्त्यावरचा बर्फ काढावा आणि घरी जावं, बाकी कशाला हात लावू नये. त्याचा मका दर वर्षी खोडकिडा पोखरायचा, शरद ऋतूतल्या वाऱ्यात अर्धं शेत लोळायचं, आणि हाकेच्या अंतरावर कुंपणात ताठ उभा मका दिसायचा. "औषध समोर आहे आणि डॉक्टर म्हणतो, नुसतं बघा," तो म्हणायचा. मला त्याचं पटायचं, पण धाकट्या भावाला तसं सांगायची मला सवय नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात डेल्मरचं एक वासरू ओढ्याच्या बाजूने तारेखालून आत शिरलं. काळं, कपाळावर पांढरा ठिपका. आम्ही पोचलो तोवर ते लग्नघरी जेवायला बसल्यासारखं निवांत कणसं चघळत होतं. हार्म कपाळाला हात लावून उभा.

"तुझं वासरू सरकारचा मका खातंय!"

"मग सरकारला सांग ना ओढून काढायला," डेल्मर म्हणाला.

कंपनीचा माणूस, क्रेग, इस्त्रीची पँट घालून धावत आला. त्याने सांगितलं की हा मका पोटात गेलेलं जनावर मांसासाठी जाऊ शकत नाही. कधीच नाही. निदान मका मोकळा होईपर्यंत तरी नाही. सगळ्यांत सोपं म्हणजे वासराला मारून कणसांशेजारी पुरावं.

"माझं धडधाकट वासरू पुरतोस?" डेल्मर त्याच्या अंगावरच गेला. "त्याआधी तुला पुरेन, पँटीसकट!"

पुढे काय झालं असतं सांगता येत नाही. पण हार्म मध्ये पडला. म्हणाला, कुंपणाला लागून एक गोठा ठोकतो, राहू दे तिथे, मी लक्ष ठेवतो. क्रेगला काय, अंगावरची ब्याद टळली. तो लगेच हो म्हणाला.

"पण जनावर माझं आहे," डेल्मरने बोट रोखलं. "ज्या दिवशी सरकार हा मका मोकळा करेल, त्या दिवशी ट्रेलर घेऊन येणार आणि थेट मांसवाल्याकडे नेणार. ऐकलंस?"

"ने की," हार्म म्हणाला. "मला काय त्याचं लोणचं घालायचंय?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे खायच्या जनावराला नाव देत नाहीत. कानात बिल्ला असतो, त्यावर नंबर असतो, तेवढं पुरे. नाव दिलं की घास घशाखाली उतरत नाही. हार्मने उभ्या हयातीत शेकडो गोऱ्हे वाढवले आणि ट्रकमध्ये चढवले, आणि संध्याकाळी घरी येऊन तोच भाजलेला तुकडा बटाट्यांबरोबर मागून घेतला. त्याचं मन मऊ आहे असं त्याची आईसुद्धा म्हणाली नसती.

म्हणून पुढच्या वसंतात मी त्याचा चहा घेऊन गोठ्यापाशी गेले आणि आतून आवाज ऐकला, तेव्हा मी जागीच थांबले.

"नाही, सिनेटर, तुझं म्हणणं मला मान्य नाही," हार्म कुणाला तरी सांगत होता. "या वर्षी पाऊस लांबणार."

मी आत डोकावले. वासराचा आता चांगला दांडगा गोऱ्हा झाला होता. त्याची हनुवटी हार्मच्या खांद्यावर होती, आणि हार्म त्याचं कपाळ खाजवत होता.

"सिनेटर कोण?" मी विचारलं.

हार्म असा दचकला की जणू मी त्याला दुसऱ्या बाईबरोबर पकडलं. "कोण? कुठे?"

"हार्म, मी बहिरी नाही."

त्याने नजर गोऱ्ह्याच्या कानाकडे वळवली. मग म्हणाला, "फुकट खातो, काम काही करत नाही, आणि काही विचारलं की नुसती मान हलवतो. दुसरं काय नाव देणार होतीस तू?"

मी चहा ठेवला आणि घरी आले. राग आला होता. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पाऊस लांबणार की नाही यावर त्याने माझं मत कधी विचारलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं. ऑपरेशननंतर हा माणूस खिडकीपाशी खुर्ची ओढून दिवसदिवस रस्त्याकडे बघत बसायचा. मला वाटायचं, हा आता असाच बसून विझणार. त्या गोऱ्ह्याने त्याला खुर्चीतून उठवलं होतं. कुलपाने नव्हे. हे मला कळलं होतं, पण बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता, कारण त्याने ते साफ नाकारलं असतं.

आणखी एक हंगाम गेला, आणि मग बातमी आली. क्रेग प्रत्येकासाठी कंपनीची टोपी घेऊन आला आणि म्हणाला, सरकार हा मका मोकळा करायच्या बेतात आहे. कुंपण नाही, परवाना नाही, कुणीही लावा, कुणीही खा. फक्त त्याआधी हायस्कूलच्या व्यायामशाळेत एक जाहीर सभा होईल. खात्याची बाई येईल, ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं.

सगळी काउंटी खूश. पास्टरलाही टोपी मिळाली. डेल्मरने तर त्याच संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन टेबलावर थाप मारली.

"अखेर वॉशिंग्टनला अक्कल आली! मांसवाल्याला फोन केलाय मी. गोऱ्ह्याचा नंबर लागला."

"एवढा मोठा झालाय तो," मी म्हणाले. "मांस चिवट निघेल."

"खिमा करतील. बर्गरला चालतं."

हार्मच्या ताटातला भाजलेला तुकडा तसाच राहिला. त्याने नुसते बटाटे खाल्ले आणि तो बाहेर गेला. आमच्या घरात हे कधी घडलं नव्हतं. मला काय समजायचं ते समजलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून माझा नवरा शास्त्रज्ञ झाला.

कॉफीच्या टेबलावर सगळे नव्या बियाण्याच्या गप्पा मारत होते. हार्मने कप खाली ठेवला आणि विचारलं, "फुलपाखरांचं काय?"

हार्मला फुलपाखरू आणि दिव्यावरचा पतंग यांतला फरक कळत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

"कोणती फुलपाखरं?" कुणीतरी विचारलं.

"सगळीच. आणि परागांचं काय? वारा कुठे कुठे नेतो, कुणी बघितलंय? घाई नको. आणखी दहा-बारा वर्षं अभ्यास करावा."

"अरे, कालपर्यंत तूच या मक्याच्या आरत्या ओवाळत होतास ना!" डेल्मर म्हणाला.

"मी आता अभ्यास केलाय."

गावात बोलणं सुरू झालं की ऑपरेशनचा परिणाम डोक्यापर्यंत पोचला. चर्चमध्ये बायका मला हळू आवाजात विचारायला लागल्या, झोप लागते ना त्यांना? कुणी बटाट्याचं पातेलं आणून दिलं, कुणी ॲपल पाय. आमच्याकडे माणूस गेला की असं आणून देतात. हार्म जिवंत होता, पण त्याने सगळं आवडीने खाल्लं.

बातमी विद्यापीठाच्या गावापर्यंत गेली. तिथे या मक्याविरुद्ध एक मंडळ होतं. सरकारी मक्याचा राखणदारच उलटला म्हटल्यावर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. मंडळाची प्रमुख, मार्गो नावाची उंच, कळकळीची बाई, दोन पोरींना घेऊन आमच्याकडे आली. मी माझ्या रीतीप्रमाणे डुकराच्या मांसाची सँडविचेस पुढे ठेवली. त्या मांस खात नव्हत्या. मग गाजर घातलेली जेली काढली. त्यांनी विचारलं, यातलं जिलेटिन कशाचं असतं? मला कधी कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. शेवटी त्यांनी खडीसाखर घालून नुसता चहा घेतला, आणि त्यांच्या समोर बसून हार्मने सगळी सँडविचेस संपवली. डुकरांशी त्याची काही ओळख नव्हती.

"तुमचं मन कधी बदललं, मिस्टर हार्म?" मार्गोने वही उघडली.

"हळूहळू."

"काही डोळ्यांनी पाहिलंत का? काही परिणाम?"

"पाहतो की. रोज."

मार्गो पुढे सरकली. "कशावर?"

"जनावरावर."

"म्हणजे मका मोकळा झाला तर जनावरांना धोका आहे?"

"आहे तर! मरतीलच."

टेबलाखालून मी त्याला लाथ मारली. ती मार्गोला लागली. तिला वाटलं मी गहिवरून तिला धीर देतेय, आणि तिने माझा हात घट्ट धरला. मला त्या बाईची फार दया आली. ती खोटं बोलत नव्हती, आमच्या घरात मात्र खोट्याचं पीक जोमात आलं होतं. मला खोटं खपत नाही. या गावात लोक केक चांगला झालाय का विचारायला माझ्याकडे येत नाहीत, ते याचसाठी.

"तिला खरं सांग," त्या गेल्यावर मी म्हणाले.

"काय खरं?"

"गोऱ्ह्याचं."

"त्याचा काय संबंध?" हार्म म्हणाला, आणि कान लाल करून बाहेर निघून गेला. गोऱ्ह्यासाठी जीव तुटतो हे आमच्याकडच्या पुरुषाने बोलायचं म्हणजे विजार न घालता चर्चमध्ये जाण्यासारखं. डेल्मरला नुसतं विचारायचं, की बाबा, ठेव त्याला. पण ते दोघांपैकी कुणाच्याही तोंडून निघणार नव्हतं. त्यापेक्षा अमेरिकेचं सरकार थांबवणं हार्मला सोपं वाटत होतं.

सभेला व्यायामशाळा भरली होती. एका बाजूला आमची माणसं, नव्या टोप्या घालून. दुसऱ्या बाजूला मार्गोचं मंडळ, कापडी फुलपाखरं घेऊन. मध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली खात्याची बाई बसली होती, मिसेस प्रुइट. शांत, चष्मा लावलेली, बोलताना प्रत्येकाकडे नीट बघणारी.

डेल्मर पहिला बोलला. "आमच्या बापजाद्यांनी कुणाला विचारून पेरलं नाही. नियम उठवा आणि आम्हाला शेती करू द्या!" टाळ्यांनी छत हललं.

मग हार्म उभा राहिला. मार्गोच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, आमच्यांनी पायांकडे पाहिलं. त्याने फुलपाखरांचं विचारलं. मिसेस प्रुइटने सांगितलं, त्यावर अभ्यास झालाय, आणि काय अभ्यास झाला तेही सांगितलं. त्याने परागांचं विचारलं. तिने तेही सांगितलं. त्याने किड्यांचं विचारलं, की बिचाऱ्या किड्यांनी जायचं कुठे? तिने सांगितलं की प्रत्येक शेतकऱ्याने थोडा साधा मका किड्यांसाठी ठेवावा असा विचार आहे. हार्मचे प्रश्न संपले. तो तसाच उभा राहिला.

"आणखी काही, सर?" तिने विचारलं. तिच्या आवाजात घाई नव्हती. तीच चूक झाली. तिने हिडीसफिडीस केली असती तर तो खाली बसला असता.

"एक गोऱ्हा आहे," हार्म म्हणाला.

"बरं."

"त्याने हा मका खाल्लाय. नियम आहे तोवर त्याला कापता येत नाही. नियम उठला की त्याला नेतील." हार्म टोपी हातात पिळत होता. "मका चांगला आहे, मॅडम. माझं मक्याशी काही भांडण नाही. पण सकाळी मी गेलो की तो उठून उभा राहतो."

एवढं बोलून तो खाली बसला.

मला वाटलं आता हशा पिकणार, आणि मी उठून जो पहिला हसेल त्याच्या श्रीमुखात देणार. पण कुणी हसलं नाही. आमच्याकडे पोर नऊ-दहा वर्षांचं झालं की त्याला एक गोऱ्हा देतात. पोराने त्याला वर्षभर खाऊ घालायचं, धुवायचं, चालायला शिकवायचं, आणि उन्हाळ्यात काउंटीच्या जत्रेत मिरवायचं. जत्रेच्या शेवटी लिलाव होतो, आणि पोराने स्वतःच्या हाताने दोर धरून त्याला ट्रकमध्ये चढवायचं. रडायचं नाही. बाप शेजारी उभा राहून म्हणतो, शेती अशीच असते. त्या व्यायामशाळेतल्या प्रत्येक पुरुषाने तो दोर धरलेला होता. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

मी डेल्मरकडे पाहिलं. त्याचा गोऱ्हा तांबडा होता. ट्रक गेल्यावर तो कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन बसला होता, आणि मी त्याला तिथून बाहेर काढलं होतं. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आत्ता तो छताच्या दिव्यांकडे बघत होता.

"तुमचं म्हणणं मी ऐकलं, सर," मिसेस प्रुइट सावकाश म्हणाली. "पण ते माझ्या हातात नाही."

"माहीत आहे, मॅडम," हार्म म्हणाला.

मार्गोने वही मिटली. जाताना ती हार्मपाशी थांबली. मला वाटलं रागावणार. तिने विचारलं, "नाव काय त्याचं?" हार्मने सांगितलं, आणि ती हसत हसत डोळे पुसत गेली.

पानं गळायच्या सुमाराला मका मोकळा झाला. क्रेगने कुलूप काढून नेलं, पाटी काढली, कुंपण गुंडाळलं. ज्या मक्याच्या कणसाला हात लावला तर गुन्हा होता, तोच आता तिथे नुसता मका म्हणून उभा होता. पक्षी येऊन खात होते. हार्मने त्यांना हाकलायला हात वर केला आणि मग खाली घेतला.

शनिवारी सकाळी डेल्मरचा ट्रेलर आला. त्याने तो उलटा घेऊन गोठ्याच्या दाराशी लावला. हार्मने गोऱ्ह्याला पहाटेच घासूनपुसून चकचकीत केलं होतं. दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. मी मध्ये उभी, आणि मला दोघांच्या टाळक्यात फावडं घालावंसं वाटत होतं.

"मी चढवतो," हार्म म्हणाला. "तू ओढशील उगाच."

त्याने दोर धरला आणि पुढे चालू लागला. गोऱ्हा त्याच्यामागून एकदाही न अडता ट्रेलरमध्ये चढला. जनावर ट्रेलरला भितं, मागे सरतं, लाथा झाडतं. हा चढला, कारण पुढे हार्म होता. आत जाऊन त्याने हनुवटी हार्मच्या खांद्यावर ठेवली आणि डोळे मिटले.

डेल्मर दाराची कडी हातात धरून उभा होता. दार लावायचं सोडून तो नुसताच उभा.

"याने मका कधी खाल्ला?" त्याने एकदम विचारलं.

"लहान असताना," हार्म आतून म्हणाला. "तुला माहीत आहे."

"म्हणजे तेव्हा नियम होता."

"होता."

"मग त्याला जुनाच नियम लागू," डेल्मर म्हणाला. "मका मोकळा झाला. ज्याने आधी खाल्ला, तो नाही झाला मोकळा."

"असं कुठे लिहिलंय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी वॉशिंग्टनला फोन केला होता," डेल्मर माझ्याकडे न बघता म्हणाला. त्याने जन्मात कधी काउंटीच्या कचेरीतही फोन केला नव्हता.

हार्म ट्रेलरच्या अंधारातून पुढे आला. "काय म्हणालं वॉशिंग्टन?"

"म्हणालं, याला विकता येणार नाही. कापता येणार नाही. आपल्या मरणाने मरेपर्यंत सांभाळा म्हणाले. कडक नियम आहे. दंड वगैरे आहे." डेल्मरचा आवाज फाटला, म्हणून तो खाकरला. "मी भांडलो त्यांच्याशी. पण ऐकत नाहीत."

हार्म दोर हातात घेऊन उभा राहिला, आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. डेल्मरनेही पाहिलं. दोन म्हातारे, दोघांचे डोळे भरलेले, आणि दोघंही मी काय बोलते याची वाट बघत होते, कारण खोटं मला खपत नाही हे दोघांनाही माहीत होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "काल रेडिओवर सांगत होते."